विक्रेत्याविना विक्री : विद्युत मोटारींची ऑनलाईन खरेदी आणि तालुक्याचा ग्राहक

प्रस्तावना

१५ जुलै २०२५ रोजी मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात टेस्ला या अमेरिकन कंपनीच्या भारतातील पहिल्या दालनाचे उद्घाटन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते झाले. 'मॉडेल वाय' या मोटारीची प्रारंभिक किंमत ५९ लाख ८९ हजार रुपये जाहीर करण्यात आली आणि वृत्तपत्रांनी या किमतीची चर्चा पुष्कळ केली. त्या मानाने एक बाब दुर्लक्षित राहिली. या कंपनीने भारतात एकही डीलर नेमलेला नव्हता. ग्राहकाने कंपनीच्या संकेतस्थळावर मोटार निवडावी, रंग ठरवावा, आरंभी २२,२२० रुपये व त्यानंतर सात दिवसांत ३ लाख रुपये भरावेत, आणि पुढचा सर्व व्यवहार थेट कंपनीशी करावा, अशी ही पद्धत होती. दालन होते ते मोटार पाहण्यासाठी व चालवून बघण्यासाठी. पहिली मोटार ५ सप्टेंबर २०२५ रोजी राज्याचे परिवहन मंत्री प्रताप सरनाईक यांना सुपूर्द करण्यात आली. अर्थात परिवहन मंत्र्यांना मोटारीच्या दुरुस्तीसाठी कोणाचे दार ठोठवावे लागेल, ही चिंता सामान्य ग्राहकाइतकी नसावी.

वडूजसारख्या गावातून साठ लाखांची मोटार कोणी घेईल किंवा न घेईल, हा येथे गौण प्रश्न आहे. विक्रीची नवी पद्धत बहुधा महागड्या वस्तूंपासून सुरू होते व क्रमाक्रमाने खाली उतरते. विद्युत दुचाकींच्या बाबतीत तर ती २०२१ मध्येच उतरलेली होती. म्हणून तिची चिकित्सा आधीच होणे इष्ट ठरते.

या पद्धतीचे समर्थन एका गृहीतावर उभे आहे. उत्पादक व ग्राहक यांच्यामधला मध्यस्थ हा केवळ किंमत वाढविणारा घटक असून तो दूर झाल्यास ग्राहकाचे हित आपोआप साधते, असे ते गृहीत होय. १९९१ नंतरच्या खाउजा धोरणाच्या काळात हे गृहीत आपल्याकडे इतके रुळले आहे की, ते तपासून पाहण्याची गरजच वाटेनाशी झाली आहे. प्रस्तुत लेखात ही तपासणी खटाव तालुक्याच्या ठिकाणी राहणाऱ्या ग्राहकाच्या बाजूने केली आहे. वडूज हे येरळाकाठचे तालुक्याचे गाव. सातारा असो वा कराड, दोन्ही सुमारे ५० किलोमीटरवर. पुणे-बंगळूर महामार्गापासून ते बरेच आत आहे. महानगरात जे गृहीत सहज खरे वाटते, ते येथे तसेच खरे ठरते काय, हे पाहावयाचे आहे.

'ऑनलाईन' या शब्दाचा सैल वापर

'मोटार ऑनलाईन घेतली' हा शब्दप्रयोग इतक्या सैलपणे वापरला जातो की, त्यामुळे चर्चेत गोंधळ होतो. चाकण येथे तयार होणाऱ्या महिंद्रच्या 'बीई ६' व 'एक्सईव्ही ९ई' या विद्युत मोटारींची नोंदणी १४ फेब्रुवारी २०२५ रोजी सुरू झाली आणि पहिल्याच दिवशी ३०,१७९ नोंदण्या झाल्याचे कंपनीने जाहीर केले. या आकड्यावरून लोक आता घरबसल्या मोटारी विकत घेऊ लागले, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. संकेतस्थळावर भरलेली रक्कम ही रांगेतील जागा धरण्यासाठी असते. त्या वेळी ग्राहकाला जवळचा डीलर निवडावा लागतो, आणि बिल, विमा, कर्जाची कागदपत्रे, 'पासिंग' व प्रत्यक्ष ताबा हे सर्व त्या डीलरकडेच होते. बजाजच्या विद्युत 'चेतक'ची नोंदणी १३ एप्रिल २०२१ रोजी ऑनलाईन पुन्हा सुरू झाली आणि ४८ तासांत बंद करावी लागली, त्या वेळीही चित्र असेच होते. रांग लावण्याचे माध्यम तेवढे बदलले. आगाऊ पैसे भरून वर्षानुवर्षे स्कूटरची वाट पाहण्याचा अनुभव ज्या पिढीने घेतला, तिला यात नवीन असे फारसे काही दिसणार नाही.

खरा बदल त्यापुढे आहे आणि तोही महाराष्ट्रातच प्रथम दिसला. चाकण येथे कारखाना असलेल्या मर्सिडीज-बेंझ इंडियाने ऑक्टोबर २०२१ मध्ये आपली विक्रीपद्धत पूर्णपणे बदलली. तोपर्यंत डीलर कंपनीकडून मोटारी विकत घेत, आपल्या भांडवलावर त्यांचा साठा ठेवत आणि आपल्या बिलावर विकत. नव्या पद्धतीत साठा कंपनीचा, बिल कंपनीचे आणि देशभर किंमत एकच. डीलरने ग्राहकाला मोटार दाखवावी, ती ताब्यात द्यावी व नंतर दुरुस्ती करावी, आणि त्याबद्दल मोबदला घ्यावा. विक्रेता राहून राहिला तो प्रतिनिधी म्हणून. याच कंपनीने ऑस्ट्रेलियात अशी पद्धत आणली तेव्हा तेथील ३८ डीलरांनी न्यायालयात धाव घेतली. आपण उभा केलेला व्यवसाय व जोडलेले ग्राहक कंपनीने फुकटात घेतले, असे त्यांचे म्हणणे होते. ऑगस्ट २०२३ मध्ये तेथील संघीय न्यायालयाने निकाल कंपनीच्या बाजूने दिला.

टेस्लाची पद्धत याही पुढची आहे. तिच्यात प्रतिनिधीही नाही. ऑनलाईन नोंदणी, कंपनीचे बिल आणि डीलरचा पूर्ण अभाव या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, हे लक्षात घेतल्यावाचून फायद्यातोट्याची चर्चा करता येत नाही. पुढील विवेचन प्रामुख्याने तिसऱ्या प्रकाराविषयी आहे.

मध्यस्थ काय करतो

खटाव तालुक्याला मध्यस्थ हा प्राणी अपरिचित नाही. पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेत खिलार जनावरांचा मोठा बाजार भरतो. तेथे बैलजोडी घेणारा शेतकरी दात पाहतो, खूर पाहतो, जोडी चालवून बघतो. तरीही व्यवहार बहुधा हेड्याच्या किंवा दलालाच्या साक्षीने होतो. रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरविण्याची रीत बाहेरच्याला फसवणुकीची वाटेल. ती काही अंशी तशी असेलही. परंतु बैल पुढे मारका निघाला किंवा औताला बसू लागला, तर घेणारा कोणाकडे जातो? विकणारा दूरच्या तालुक्यातला असतो, त्याचे गावही नीट माहीत नसते. दलाल मात्र पुढच्या बाजारात पुन्हा भेटणार असतो. त्याची दलाली ही भाव जुळवून दिल्याबद्दल असते, तितकीच पुन्हा भेटण्याबद्दल असते.

बाजार समितीतील अडत्याचेही तसेच. जुलै २०१६ मध्ये राज्य शासनाने फळे व भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त केला आणि अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचा निर्णय केला. निर्णय शेतकऱ्याच्या हिताचाच होता. तथापि अडत्या केवळ माल विकून देत नव्हता. पेरणीच्या वा लग्नसराईच्या वेळी उचलही देत होता. त्याचे हे दुसरे काम कोण करणार, याचे उत्तर कोणत्याही अधिसूचनेत मिळत नाही. अडत्याने उचलीच्या बळावर शेतकऱ्याला बांधून ठेवले, हेही तितकेच खरे. मध्यस्थाचा गौरव करण्याचे कारण नाही. प्रश्न त्याच्या कामांचा आहे.

मोटारीच्या डीलरची कामे या दृष्टीने पाहिली तर ती बरीच निघतात. तो बँकेसाठी कोटेशन देतो. तालुक्याच्या ठिकाणी वाहनकर्ज अनेकदा जिल्हा बँक किंवा पतसंस्था यांच्याकडून घेतले जाते, आणि त्यांच्या कागदांची रीत डीलरच्या माणसाला पाठ असते. तो जुनी गाडी ठेवून घेतो. नोंदणी पुस्तकावर बोजा चढवून आणतो. १ एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनांना उत्पादकाकडूनच उच्च सुरक्षा क्रमांकपट्टी येते, ती लावून देतो. विद्युत मोटारीच्या बाबतीत आणखी एक काम वाढले. घरी ७ किलोवॅटच्या आसपासचा चार्जर बसवायचा तर घरगुती मीटरचा मंजूर भार अनेकदा अपुरा पडतो, महावितरणकडे अर्ज करावा लागतो, अर्थिंग तपासून घ्यावे लागते. गावाकडील जुन्या वाड्याच्या वायरिंगला हा भार झेपेल काय, हे संकेतस्थळ सांगू शकत नाही. कोणीतरी येऊन पाहावे लागते.

थेट विक्रीत ही कामे नाहीशी होत नाहीत, ती वाटली जातात. काही कंपनीच्या दूरध्वनी केंद्राकडे जातात, काही सेवा पुरविणाऱ्या ठेकेदाराकडे, आणि उरलेली मुकाट्याने ग्राहकाकडे येतात. रोनाल्ड कोस यांनी १९३७ मध्ये व्यवहार-खर्चाची कल्पना मांडली, ती येथे उपयोगी पडते. बाजारात व्यवहार करण्यालाही खर्च येतो आणि तो किमतीच्या पाटीवर दिसत नाही. पुण्यामुंबईच्या ग्राहकाचा हा खर्च अल्प असतो. वडूजच्या ग्राहकासाठी प्रत्येक खेपेचा अर्थ एक बुडालेला दिवस असा होतो. डीलरही साताऱ्यात वा कराडमध्येच असतो, वडूजमध्ये नसतो, हा आक्षेप येथे घेतला जाईल व तो रास्त आहे. परंतु पन्नास किलोमीटर आणि अडीचशे किलोमीटर यांत फरक आहे. सकाळच्या एस.टी.ने जाऊन संध्याकाळी परत येता येते, तेवढ्या अंतरावरच्या माणसाला लोक आपला समजतात.

एक किंमत : एक खरा लाभ

थेट विक्रीच्या बाजूने जे म्हटले जाते त्यातील एक मुद्दा मात्र निर्विवाद मान्य करावा लागतो. शोरूममधील भाव सर्वांना एकच नसतो. वर्षअखेरचा साठा, महिन्याचे उद्दिष्ट, विम्याची सक्ती, 'हँडलिंग'च्या नावाने लावलेली रक्कम, ॲक्सेसरीजचे पॅकेज या सर्वांतून जी अंतिम रक्कम होते, ती ग्राहकाच्या ओळखीवर अवलंबून असते. ज्याचा पाहुणा शोरूममध्ये आहे किंवा ज्याच्यासाठी पुढाऱ्याचा फोन येतो, त्याला सूट मिळते. नोकरीला लागलेल्या पहिल्या पिढीतील शिक्षकाला, स्वतःच्या बळावर मोटार घेणाऱ्या स्त्रीला किंवा शहरी बोली न येणाऱ्या शेतकऱ्याला ती मिळेलच असे नाही. घासाघीस ही कला आहे असे म्हटले जाते, पण ती सामाजिक भांडवलाची परीक्षाही असते आणि त्या परीक्षेचा निकाल पुष्कळदा आधीच लागलेला असतो. देशभर एकच किंमत जाहीर करणारी पद्धत या विषमतेला निदान किमतीपुरती तरी छेद देते. वडूजच्या ग्राहकाला मलबार हिलच्या ग्राहकाइतकीच किंमत लागते, ही क्षुल्लक गोष्ट नव्हे.

मात्र 'मध्यस्थ गेल्यामुळे मोटार स्वस्त झाली' हे विधान वेगळे आहे आणि ते तपासून घ्यावे लागते. १ ऑगस्ट २०१९ पासून विद्युत वाहनांवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला. केंद्राने ऑगस्ट २०२१ मध्ये बॅटरीवरील वाहनांना नोंदणी प्रमाणपत्राच्या शुल्कातून सूट दिली. महाराष्ट्रात मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात ३० लाखांवरील विद्युत वाहनांवर ६ टक्के कर प्रस्तावित झाला, तो त्याच महिन्यात मागे घेण्यात आला आणि मे २०२५ च्या धोरणाने मोटार वाहन करातून सूट पुढे चालू ठेवली. ही सर्व बचत डीलरकडून घेतलेल्या विद्युत मोटारीलाही तितकीच लागू आहे. जाहिरातीत मात्र कराची सूट आणि विक्रीपद्धतीचा लाभ एकाच वाक्यात येतात व वाचणाऱ्याच्या मनात त्यांची गल्लत होते. डीलरचा नफा वाचल्यावर ती रक्कम ग्राहकाच्या खिशात जाते की कंपनीच्या, हे किंमत ठरविणाराच ठरवितो. किंमत एकच असल्यामुळे तुलना करण्यास दुसरा डीलरही उरत नाही. आज सातारा, कराड व सांगली येथील तीन शोरूमची कोटेशने हातात घेऊन भाव पाडून घेणारा ग्राहक या पद्धतीत निःशस्त्र होतो.

जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात जुन्या मोटारींचे उदाहरण घेऊन दाखविले होते की, विकणाऱ्याला माहिती जास्त व घेणाऱ्याला कमी असेल, तर खात्री देणारी काही तरी व्यवस्था बाजाराला लागते. नवी विद्युत मोटार ही नवी असूनही या अर्थाने जुन्या मोटारीसारखी आहे. बॅटरी आठ वर्षांनी कशी राहील, जुनी मोटार विकताना काय भाव येईल, हे ग्राहकाला कळण्याचा मार्ग नाही. बहुतेक कंपन्या बॅटरीवर ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटरची हमी देतात. हमी कागदावर आहे. ती वसूल करण्याचे ठिकाण कोणते, हा पुढचा प्रश्न.

दायित्वाचा प्रश्न

येथे थेट विक्रीच्या बाजूने दुसरा आणि किमतीपेक्षाही महत्त्वाचा मुद्दा येतो. तो समर्थकांनी फारसा मांडलेला नाही, ही आश्चर्याची गोष्ट आहे. शेजारच्या गोव्यातील एका ग्राहकाने २०११ चे मॉडेल म्हणून पैसे भरले आणि डीलरने त्याला २००९ मध्ये तयार झालेली, शेकडो किलोमीटर चाललेली मोटार दिली. ग्राहक मंचापासून राष्ट्रीय आयोगापर्यंत डीलर व उत्पादक कंपनी दोघांनाही जबाबदार धरण्यात आले. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टाटा मोटर्सचे अपील मान्य केले. डीलर व उत्पादक यांच्यातील संबंध हा दोन स्वतंत्र व्यापाऱ्यांमधील असून, डीलरच्या गैरकृत्याची माहिती उत्पादकाला होती असे दाखविल्याखेरीज त्याला जबाबदार धरता येत नाही, असे त्या निर्णयाचे सार आहे. कायद्याच्या दृष्टीने तो सुसंगत आहे. मात्र शोरूमवर कंपनीची पाटी, कंपनीचे रंग, कंपनीचा गणवेश पाहून आत गेलेल्या ग्राहकाला आपण एका वेगळ्याच व्यापाऱ्याशी व्यवहार करतो आहोत, याची कल्पना नसते.

थेट विक्रीत ही फट उरत नाही. बनविणारा व विकणारा एकच असल्याने 'ही चूक डीलरची' असे म्हणण्याची सोय कंपनीला नाही. ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ मधील उत्पादन-दायित्वाचे प्रकरण आणि त्याखालील २०२० चे ई-वाणिज्य नियम यांचा विचार येथे एकत्र करावा लागतो. स्वतःच्या साठ्यातील वस्तू थेट ग्राहकाला विकणारी, एकाच ब्रँडची कंपनीही या नियमांच्या कक्षेत येते. तक्रार निवारण अधिकारी नेमणे, तक्रारीची पोच ४८ तासांत देणे व एका महिन्यात निवारण करणे तिला बंधनकारक आहे. शिवाय २०१९ च्या कायद्याने ग्राहकाला आपल्या राहत्या जिल्ह्यातच तक्रार दाखल करण्याची मुभा दिली. म्हणजे वडूजच्या ग्राहकाने मुंबईच्या वा बंगळूरच्या कंपनीविरुद्ध साताऱ्याच्या जिल्हा आयोगात जावे, एवढा अधिकार त्याला आहे.

कागदावर ही स्थिती डीलरच्या पद्धतीपेक्षा चांगली आहे. परंतु डिसेंबर २०२१ च्या नियमांनी जिल्हा आयोगाची मर्यादा १ कोटीवरून ५० लाख रुपयांपर्यंत खाली आणली. ज्या मोटारीची प्रारंभिक किंमत ५९ लाख ८९ हजार जाहीर झाली होती, तिची तक्रार जिल्हा आयोगापुढे चालूच शकत नाही. ती राज्य आयोगाकडे जाते. दहा-पंधरा लाखांच्या मोटारींना ही अडचण नाही, हे खरे. दुसरी उणीव मात्र सर्वांनाच लागू पडते. युरोपीय संघात २०११ च्या निर्देशानुसार दूरस्थ पद्धतीने घेतलेली वस्तू कारण न देता १४ दिवसांत परत करण्याचा हक्क ग्राहकाला आहे. आपल्याकडे असा सर्वसाधारण हक्क नाही. सदोष वस्तू परत घेण्याचे बंधन आहे. रद्द करण्याचे शुल्क एकतर्फी लावू नये, असेही नियम सांगतो. पण न पाहता घेतलेली मोटार घरी आल्यावर पसंत पडली नाही, तर ग्राहक हतबल असतो. वस्तू हाताळून न पाहता विकत घ्यावयास लावणाऱ्या पद्धतीत हा हक्क नसणे, ही या व्यवस्थेतील सर्वांत मोठी त्रुटी मानावी लागेल. पुसेगावच्या बाजारात निदान जोडी चालवून तरी बघता येते.

कायद्यातील विक्रेता

'विक्रेत्याविना विक्री' हा दावा कायद्याच्या कसोटीवरही पुरता टिकत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ४१ प्रमाणे, डीलर ज्या राज्यात आहे त्याच राज्यात नवे वाहन नोंदवायचे असेल, तर नोंदणीचा अर्ज डीलरनेच करावयाचा आहे. नोंदणी न झालेले वाहन बाळगण्यासाठी त्याच्याकडे व्यवसाय प्रमाणपत्र असावे लागते. त्यामुळे थेट विक्री करणाऱ्या कंपनीला स्वतःच कायद्याने डीलर व्हावे लागते. कायदेमंडळाने नोंदणीची जबाबदारी विक्रेत्यावर टाकली ती ग्राहकाला एजंटांच्या विळख्यातून सोडविण्यासाठी, आणि ते योग्यच झाले.

ओला इलेक्ट्रिकच्या विद्युत दुचाकींची कथा या संदर्भात बोधप्रद आहे. मोटारींआधी ही पद्धत सर्वाधिक प्रमाणात तेथेच वापरून पाहिली गेली. जुलै २०२१ मध्ये ४९९ रुपयांत नोंदणी सुरू झाली व २४ तासांत १ लाखाहून अधिक नोंदण्या झाल्याचे कंपनीने सांगितले. डीलर नाही, शोरूम नाही, स्कूटर घरपोच, अशी ती घोषणा होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने कंपनीला कारणे दाखवा नोटीस दिली. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर एका वर्षात १०,६४४ तक्रारी आल्या होत्या. विलंबाने वितरण, दुरुस्तीतील दिरंगाई, परत न मिळालेले पैसे असे त्यांचे स्वरूप होते. त्यांपैकी ९९.१ टक्के तक्रारींचे निवारण केल्याचे कंपनीचे म्हणणे होते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तिने देशभरात ४,००० विक्री केंद्रे झाल्याचे जाहीर केले. म्हणजे दुकानाशिवाय विकण्याच्या घोषणेपासून चार हजार दुकानांपर्यंतचा प्रवास साडेतीन वर्षांत झाला. आणि २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या परिवहन विभागाने व्यवसाय प्रमाणपत्र नसलेल्या तिच्या केंद्रांवर कारवाई केली.

टेस्लानेही हे वळण आधीच घेतलेले होते. २८ फेब्रुवारी २०१९ रोजी तिने जगभरची विक्री केवळ ऑनलाईन करण्याचे व बहुतेक दालने बंद करण्याचे घोषित केले. पंधरवड्याच्या आत तो निर्णय बराचसा मागे घेतला गेला आणि दालने ठेवण्याच्या खर्चापोटी किमती सुमारे ३ टक्क्यांनी वाढविण्यात येतील, असे सांगण्यात आले. मध्यस्थाचे मोल किती, याचा इतका उघड हिशेब कंपनीच्याच तोंडून क्वचित ऐकू येतो. याउलट व्होल्वोने जुलै २०२२ मध्ये भारतात 'एक्ससी ४० रिचार्ज'च्या १५० मोटारी ऑनलाईन नोंदणीने दोन तासांत संपविल्या. पण संख्या १५० होती, ग्राहक महानगरांतले होते आणि सेवेसाठी जुने डीलर जागेवर होते.

डीलर असला म्हणजे सर्व सुरळीत, असेही नाही. जनरल मोटर्सने २०१७ मध्ये भारतातील विक्री थांबविली, तळेगावच्या कारखान्यातील उत्पादन २०२० च्या अखेरीस बंद झाले. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये येथील उत्पादन थांबविण्याची घोषणा केली. डीलरांचे भांडवल बुडाले आणि त्यांच्या संघटनेने स्वतंत्र संरक्षक कायद्याची मागणी केली. तरीही या कंपन्यांच्या गाड्या पुढे रस्त्यावर राहिल्या. गावोगावच्या गॅरेजवाल्यांनी त्या चालत्या ठेवल्या, याची नोंद अर्थशास्त्राच्या पुस्तकात सापडणार नाही.

दुरुस्तीचे अंतर

विद्युत मोटारीचा प्रश्न येथे अधिक बिकट होतो. तिच्यात इंजिन ऑइल नाही, क्लच नाही, सायलेन्सर नाही. म्हणून डीलरची गरजही कमी, असा युक्तिवाद केला जातो. दुरुस्तीचे प्रसंग कमी येतात हे मान्य. पण जो प्रसंग येतो तो तालुक्याच्या मिस्त्रीच्या हाताबाहेरचा असतो. पेट्रोलची गाडी दहिवडीच्या घाटात बंद पडली, तर वडूज वा म्हसवडचा फिटर पाना-पक्कड घेऊन येतो व ती निदान घरापर्यंत आणून देतो. शेकडो व्होल्टच्या बॅटरीला विनाप्रशिक्षण हात लावणे जिवावर बेतू शकते. दोष सॉफ्टवेअरमध्ये असेल तर तो उघडण्याची किल्ली कंपनीकडे असते. गॅरेजवाला हा आतापर्यंत डीलरला असलेला पर्याय होता. विद्युत मोटारीने तो काढून घेतला आणि थेट विक्रीने डीलरही काढून घेतला. एका वेळी दोन्ही जाणे ही तालुक्याच्या ग्राहकाची खरी अडचण आहे. तिची चर्चा किमतीच्या चर्चेत हरवून जाते.

खटाव-माण व खानापूर-आटपाडी भागातील हजारो कुटुंबे गलाईच्या व्यवसायानिमित्त तामिळनाडू, केरळपासून दिल्लीपर्यंत विखुरलेली आहेत. मोटार घेण्याची ऐपत या भागात अनेकदा याच घरांत असते. त्यांच्या दृष्टीने देशभर एक किंमत व फोनवरून होणारा व्यवहार सोयीचाच आहे. मात्र मोटार उभी राहते ती गावाकडच्या अंगणात, आणि चालवितो तो गावी राहिलेला भाऊ किंवा वडील. पैसे भरणारा व अडचण सोसणारा एक नसतो. कंपनीच्या नोंदीत ग्राहक म्हणून नाव असते ते कोईमतूरच्या भ्रमणध्वनी क्रमांकाचे.

उपाय कायद्याच्या चौकटीत शक्य आहेत. एखाद्या जिल्ह्यात ठरावीक संख्येपेक्षा जास्त वाहने नोंदविली गेली की, त्या जिल्ह्यात सेवा केंद्र किंवा फिरते दुरुस्ती पथक ठेवण्याची अट व्यवसाय प्रमाणपत्राच्या नूतनीकरणाला जोडता येईल. दूरस्थ खरेदीत मोटार ताब्यात आल्यापासून काही दिवस व काही किलोमीटरपर्यंत परतीचा हक्क देता येईल. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांसाठी 'मेकॅनिक इलेक्ट्रिक व्हेईकल' हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम २०२२ पासून उपलब्ध आहे. तो तालुक्याच्या संस्थेपर्यंत आला आणि दोष-निदानाची साधने व सुटे भाग स्वतंत्र गॅरेजला योग्य दराने देण्याचे बंधन कंपन्यांवर आले, तर निम्मी अडचण दूर होईल. यातील शेवटच्या बाबीला कंपन्या सर्वाधिक विरोध करतील, कारण विक्रीनंतरच्या दुरुस्तीचे उत्पन्नही आता त्यांनाच हवे आहे. डीलरला दूर करताना त्याचा नफा दोन ठिकाणी होता, मोटार विकण्यात आणि ती दुरुस्त करण्यात, हे त्यांनी नीट ओळखलेले आहे. ग्राहकाला जाहिरातीत सांगितले जाते ते फक्त पहिल्याविषयी.